आमच्या मुलींचा मामा

फुलचंदशेठनं जुन्नरच्या बाजारात कोणाच्या मुस्काटात मारली ते विचारू नका, कोणाच्या मारली नाही ते विचारा. हमालाच्या मारली, गिऱ्हाइकाच्या मारली, वीजबिलावाल्याच्या मारली. एकदा एका वरातीतल्या घोडेवाल्याच्या मारली, कारण त्यानं घोड्याला उगाच चाबूक ओढला. हात म्हणजे नुसती परात. भांड्यांचं दुकान, त्यामुळं पत्र्याच्या कडांनी बोटं सगळी चिरलेली, आणि आवाज असा की गिऱ्हाईक भाव विचारायलाही दबकायचं. आणि हाच माणूस पाणी गाळून पिणार. लाकूड चुलीत घालायच्या आधी जमिनीवर आपटून त्यातली मुंगी, किडा झाडून घेणार. दुकानात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन गटाराच्या कडेला अलगद सोडून येणार. मी एकदा तोंडावर म्हटलं, "शेठ, झुरळाला जपता आणि माणसाला बडवता, हा कुठला धर्म?" तर म्हणाले, "बाई, झुरळ मुद्दाम काय करीत न्हाई."

त्यांच्या पणजोबांनी मारवाडातून येऊन जुन्नरला दुकान टाकलं होतं. शेठ बोलायला आमच्याहून गावठी. जैनांचं पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरं धोतर नेसून बाहेर पडत आणि वर्षभरात ज्याला ज्याला हाणलं त्याच्या दारात जाऊन हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत. म्हणजे माझ्या हातून झालं ते माफ करा. लोक वाटच बघायचे. चहा पाजायचे, चेष्टा करायचे, "शेठ, यंदा डावा गाल राहिलाय बरं का." दोन-चार दिवस सगळं शांत जायचं. मग पुन्हा कोणीतरी उलटं बोलायचं आणि पुन्हा परात वाजायची.

माझी त्यांची ओळख झाली ती संस्थेमुळं. मी मूळची येडगावची, लग्नानं जुन्नरची. नव्वदच्या आसपास गावाबाहेरच्या मुलींच्या संस्थेत शिवण शिकवायला लागले. अनाथ, टाकलेल्या, कुठून कुठून पोलिसांनी आणून सोडलेल्या मुली. सरकारचा नियम असा, की अठरा पूर्ण झाली की मुलीनं संस्था सोडायची. आता यातल्या निम्म्या कधी जन्मल्या ते देवालाच ठाऊक. म्हणून शाळेत घालताना सरसकट एक जून तारीख लावलेली. त्यामुळं दर जूनला आमच्याकडं चार-पाच जणी एकदम अठराच्या व्हायच्या आणि पत्र्याच्या पेट्या भरायला लागायच्या. जायचं कुठं? पुण्याला महिलाश्रम, नाहीतर लग्न. लहानपणापासून जिला कुलपात ठेवलं, तिला एक दिवस फाटक उघडून सांगायचं, जा बाई, तू मोठी झालीस. या मुली विचारल्याशिवाय पाणीही प्यायच्या नाहीत. बाई, बसू का? बाई, हसू का, एवढंच विचारायचं राहिलेलं.

स्थळं यायची, नाही असं नाही. अनाथ मुलगी म्हणजे मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत, आणि मागून विचारायला येणारं कोणी नाही. हे शेवटचं काही लोकांना फार सोयीचं वाटायचं.

कमल आमची पहिली. काळी, दांडगी, आवाजानं भांडी फुटतील अशी. घोडेगावच्या पुढं डोंगराकडच्या एका वाडीत दिली तिला. लग्न संस्थेच्याच अंगणात. फुलचंदशेठ हातगाडीवर भांडी पोचवायला आले होते, तेवढ्यापुरतेच. मुहूर्ताची वेळ झाली, भटजींनी माइकवरून पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं." कोणी हलेना. भटजींच्या लक्षात आलं नाही, त्यांनी पुन्हा पुकारलं. वऱ्हाडात खसखस पिकली. नवरदेवाचा कोणी पाहुणा मोठ्यानं म्हणाला, "मामा नसंल तर वॉचमनला पाठवा की राव." आत कमल मुंडावळ्या बांधून पाटावर उभी, तिनं ते ऐकलं. मी तिच्याजवळच होते. त्या दांडग्या मुलीनं माझं मनगट धरलं.

शेठनं हातातला हंडा खाली ठेवला. सरळ त्या पाहुण्याजवळ गेले आणि त्याच्या कानाखाली अशी काढली की फेटा उडून स्पीकरच्या खांबाला जाऊन लागला. मग त्याच हातानं धोतर झटकलं, आत आले, कमलच्या खांद्याला धरून म्हणाले, "चल गं. मी मामा." अंतरपाटापाशी तिच्या मागं ते असे उभे राहिले की भटजींनी घाबरून मंगलाष्टका जरा लवकरच आवरल्या.

त्यांना दोन मुलगे, पुण्याला धंद्यात. मुलगी नव्हती. घरी जाऊन बायकोला म्हणाले, आपल्याला भाची झाली. आम्ही तिला भाभी म्हणायचो. ठेंगणी, अबोल, पण पक्की. ती म्हणाली, "मामा झालात तर मायरा कुठाय? आपल्यात मामा मायरा भरल्याबिगर मंडपातून उठत न्हाई." दुसऱ्या दिवशी मायऱ्याचा आहेर म्हणून साडी आणि भांड्यांचा सगळा संच घेऊन दोघं कमलच्या सासरी गेले. प्रत्येक भांड्यावर मशीननं नाव घातलेलं: कमल हिस मामाकडून. तेव्हापासून बाजार त्यांना मामाशेठ म्हणायला लागला आणि आमच्या प्रत्येक मुलीच्या लग्नात पुकारा झाला की तेच उठायचे.

पण मामा नुसता मंडपापुरता नसतो. लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात, आणि मुराळी आला नाही तर त्या बाईला सासरी काय ऐकावं लागतं ते बायकांनाच विचारा. कमलला पहिल्याच पंचमीला सासू म्हणाली होती, "तुला कोन येतंय न्यायला, संस्थेची गाडी?" नवरा दारू पिऊन हात टाकायचा. कोणी विचारायला येईल याचं भय नव्हतं ना. मामाशेठ पंचमीच्या आदल्या दिवशी वाडीत हजर. कमलच्या डोळ्याखाली काळंनिळं बघितलं आणि सुरू झाले. नवऱ्याच्या भावानं कुऱ्हाडीचा दांडा घातला तो गळ्याच्या हाडावर बसला, हाड मोडलं. हात लोंबायला लागला. मामाशेठनं दुसऱ्या हातानं नवऱ्याची मान धरली, गुरांच्या हौदात बुडवली, वर काढली, पुन्हा बुडवली. सासूनं स्वतः कमलचं गाठोडं आणून दिलं तेव्हाच सोडली. मग लोंबता हात घेऊन एसटीत बसले आणि कमल घोडेगाव येईपर्यंत त्यांना शिव्या देत होती, "म्हातारपणी कशाला ही थेरं? मेला असता म्हंजे?" ते म्हणे गप्प ऐकून घेत होते. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

पंचमी झाल्यावर त्यांनी तिला रीतसर ओटी भरून, साडी नेसवून परत नेऊन पोचवलं. त्या घरात कमलला पुन्हा कोणी बोट लावलं नाही. आज तिला दोन मुलगे आहेत आणि सासू तिला विचारल्याशिवाय भाजीला फोडणी घालत नाही. मामाशेठचा त्यावरून असा समज झाला, की हेच औषध. जायचं, हाणायचं, लेकीला चार दिवस माहेरी आणायचं, आणि मानानं परत नेऊन पोचवायचं. सगळ्या माहेरांची हीच रीत असते. आपल्या मुलींना माहेर नाही हे दुखणं, मग माहेर झालं की रीतही आलीच.

आणखी एक उद्योग त्यांनी काढला. मुलगा बघायला आला की त्याला बोलत बोलत दुकानात न्यायचे, चहा पाजायचे, आणि मध्येच काही कारण नसताना फाडकन मुस्काटात द्यायचे. मुलानं उलट हात उचलला की स्थळ बाद. "जो परक्या म्हाताऱ्यावर हात उचलतो तो बायकोवर उचलणारच," असं त्यांचं शास्त्र. मी म्हणायचे, शेठ, अहो एखादा चांगला मुलगाही चिडेल की. अवसरीकडचा एक चांगला शिकलेला मुलगा चिडून गेलाच; पुढं मला कळलं की फार गुणी निघाला. पण मामाशेठना पटायचं नाही.

विलास आला तेव्हा त्यालाही दिली. मंचरजवळच्या एका गावचा, मंचरला एका कापडाच्या दुकानात कामाला होता, गोरा, भांग नीट पाडलेला. चापट बसली तशी त्यानं मान खाली घातली, वाकून मामाशेठच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "तुमी मोठे, मामा. मारायचा हक हाय तुमचा." मामाशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. संस्थेत येऊन मला म्हणाले, "बाई, हिरा गावला. शालनला हाच." मीही पेढा खाल्ला.

शालन माझ्या वर्गातली सगळ्यात सरळ टाके घालणारी. अंगानं काडी. शाळेच्या पायरीवर कोणी सोडून गेलं होतं तिला, तेव्हा तीन-चार वर्षांची असेल. कधी कशाचा हट्ट नाही. बाकीच्या मुली मोठ्या होता होता विचारायचं सोडायच्या, हिची सवय गेली नाही. मशीनवरची रीळ संपली तरी बोट वर करायची.

ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच लग्न झालं. नव्या सुनेनं आषाढात सासरी राहायचं नाही अशी पद्धत, त्यामुळं आषाढ लागला तसे मामाशेठ मुराळी होऊन तिला घेऊन आले. भाभीनं न्हाऊ घालायला बसवली आणि पाठ बघून तिच्या हातातून तांब्या पडला. उलथन्याचे चटके. काही भरत आलेले, काही ताजे, एकाला एक लागून. दिसतील तिथं एकही नाही. पदराखाली झाकले जातील तिथंच सगळे, मोजूनमापून दिल्यासारखे.

मामाशेठ सकाळी पहिल्या एसटीनं मंचरला गेले आणि विलासला गिऱ्हाइकांच्या देखत कापडाच्या ताग्यांवर आडवा पाडून तुडवला. नाक फुटलं, दोन दात गेले, पांढऱ्या लठ्ठ्यावर रक्त सांडलं. त्यानं एकदाही हात वर केला नाही. हात जोडूनच पडून होता, "चुकलो मामा. पुन्हा न्हाई व्हनार मामा." नंतर त्याची आई जुन्नरला आली, भाभीच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडली, सून नव्हे लेक म्हणून वागवीन म्हणाली. कमलच्या वेळी तरी कुठं एवढं कबूल केलं होतं त्या लोकांनी? मामाशेठचा राग निवला.

पंचमीपर्यंत शालन मामाशेठच्या दुकानावरच्या माडीवर राहिली. एक दिवस मी बसलेली असताना ती हळूच म्हणाली, "मामा, मला पाठवू नका." पाणी मागावं तशी म्हणाली. एकदाच. मामाशेठनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येडी का काय. लेक माहेरात शोभत न्हाई. आन् मी मेलोय का? पुन्हा हात लावला तर हात तोडून आनीन." बाजारही तेच म्हणत होता, शेजारीपाजारीही तेच म्हणत होते. सगळ्यांच्या लेकी अशाच परत जातात.

पाठवणी मात्र अशी केली की सख्ख्या बापानंही केली नसती. हिरवी साडी, तिच्यावरचा ब्लाउज मी शिवला. पाठीला टोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलं. लाडवांचा डबा, बांगड्या, नारळानं ओटी. मामाशेठ स्वतः तिला पोचवायला गेले. दारात ती थांबली आणि तिनं विचारलं, "मामा, आत जाऊ?" ते म्हणाले, "जा. तुझंच घर हाय."

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. खूप नंतर.

श्रावण सरायच्या आत निरोप आला की शालन भाजली, पुण्याला सरकारी दवाखान्यात आहे. मामाशेठ, भाभी आणि मी गेलो. चेहरा तेवढा राहिला होता, तोही अर्धा. बाकी सगळी जाळीच्या कापडात गुंडाळलेली. भाजलेल्या माणसांच्या वार्डाचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला मी सांगणार नाही. उशाला सासू बसलेली, डोळ्यांना पदर लावून. जबाब आधीच होऊन गेला होता: स्टोव्ह भडकला.

मामाशेठनं सासूला दंडाला धरून वार्डाबाहेर नेऊन टाकली. मग खाटेजवळ गुडघे टेकून बसले. "शालन, खरं सांग गं. त्यानंच केलं ना? पोलिसाला बोलवतो, पुन्हा जबाब घेत्यात. एकदा सांग, मी त्याला जित्ता सोडत न्हाई."

तिनं डोळे उघडले. चिडली नव्हती, रुसली नव्हती. आपलं सरळ सांगावं तसं म्हणाली, "सांगून काय करू, मामा? बरी झाले की परत तिथंच पाठवाल ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

एखादा माणूस मार खातो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी बाजारात पुष्कळदा पाहिलं होतं. मामाशेठचा तसा झालेला मी त्या दिवशी पाहिला. ते ओरडले नाहीत. ते उठले आणि वार्डाच्या भिंतीवर त्यांनी कपाळ आपटलं, पुन्हा आपटलं. भाभीनं मध्ये हात घातला तेव्हा तिची बोटं चेंगरली.

प्रेत ताब्यात घेताना तिथल्या माणसानं विचारलं, कोण लागता? "मामा," ते म्हणाले, आणि अंगठ्याएवढी मोठी सही केली. टेम्पो जुन्नरला न आणता त्यांनी थेट शालनच्या सासरच्या गावाला घ्यायला लावला. एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडून त्यांनी निरोप फिरवला होता. गावाच्या वेशीत आम्ही पोचलो तेव्हा तिथं कमल उभी होती. तिच्यामागं आमच्या संस्थेतून गेलेल्या सगळ्या. कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी शेतातून उठून तशीच चिखलाच्या पायांनी. ज्यांना विचारणारं कोणी नाही म्हणून स्थळं यायची, त्या.

सासरच्यांनी घराला कुलूप लावून पळ काढला होता. गावातली चार माणसं पुढं आली, "पावणं, मसनवाट तिकडं वढ्याला हाय."

कमल म्हणाली, "आमच्या बहिणीला घर दिलं व्हतं. घरीच जाळनार."

आमच्याकडं ही जुनी रीत आहे. लेक जाळून मारली की माहेरची माणसं तिला सासरच्या दारातच अग्नी देतात. कमलनं त्यांच्याच गोठ्यातली कुऱ्हाड उचलली आणि दाराला पहिला घाव घातला. मग सगळ्या तुटून पडल्या. दार, चौकट, खाट, कपाट, मांडणी, जे लाकडाचं असेल ते फोडून अंगणात आणलं. शालनच्या नावाची भांडी खणखणत बाहेर आली, ती त्यांनी दगडानं चेचली, म्हणजे उद्या त्यात कोणी दुसरी भात शिजवू नये. सासरा कुठून तरी काठी घेऊन धावत आला. बायकांनी त्याला तिथंच आडवा केला. काठी त्याचीच, घाव त्यांचे. डोक्याला खोक पडली, तो गुडघ्यांवर रांगत गेला. शिपाई आला होता, तो झाडाखाली पाठ करून उभा राहिला. त्या म्हाताऱ्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आणि या सगळ्या दंगलीत मामाशेठ काय करत होते? ते खाली बसले होते. फोडलेली एकेक फळी, एकेक गोवरी घेत होते आणि जमिनीवर हळू आपटून त्यातल्या मुंग्या झाडत होते. सावकाश. कमल घाम पुसत म्हणाली, "मामा, उठा." ते म्हणाले, "थांब. आजून जीव हायेत यात." सगळं लाकूड झाडून झालं तेव्हाच त्यांनी सरण रचू दिलं. अग्नी कमलनं दिला.

खटला उभा राहिला. जबाबात स्टोव्ह होता. विलास सुटला, त्यानं गाव सोडलं. कमल अजून त्याच्या शोधात आहे, आणि तो सापडू नये अशी मी कमलसाठी प्रार्थना करते.

त्या वर्षी पर्युषणानंतर मामाशेठ माफी मागायला बाहेर पडले नाहीत. लोक आपापल्या दारात वाट बघत राहिले. मी गेले तर ते पांढरं धोतर नेसून माडीच्या जिन्यावर बसलेले. मला म्हणाले, "बाकीच्यांची मागून काय करू? जिची मागायची ती कुठाय?"

त्यानंतर त्यांनी एकाही लग्नात मामा म्हणून उभं राहायचं नाही असं ठरवलं, पण ते टिकलं नाही. टिकली ती माडी. पुढच्या जूनला अठरा झालेल्या मुली पेट्या घेऊन बाहेर पडल्या तेव्हा ते हातगाडी घेऊन फाटकाशी उभे. पेट्या गाडीवर घातल्या आणि थेट दुकानाच्या माडीवर. लग्न करायचं का नाही, कधी करायचं, ते जिचं तिनं बघायचं. कोणी भांड्यांवर नावं घालायला शिकली, कोणी नर्सिंगला गेली, एक तर पुढं अवसरीला इंजिनियरिंगला गेली. पहिले काही महिने सगळ्या विचारायच्या, मामा, बाहेर जाऊ? मामा, दिवा लावू? त्यावर मामाशेठ भयंकर भडकायचे. "मला इचारायचं न्हाई!" एवढ्या मोठ्यानं ओरडायचे की खालचं गिऱ्हाईक पळायचं. मी म्हटलं, शेठ, अशानं त्या आणखी घाबरतील. पण हळूहळू विचारायच्या बंद झाल्या खऱ्या.

अठरा झाली की मुलीचे काका-चुलते उगवतात, ज्यांनी जन्मात तोंड दाखवलं नाही ते. असाच एक चुलता दोन माणसं घेऊन आला, पुतणीचं परस्पर कुठं तरी ठरवून. मामाशेठनं दुकानातला पितळी बंब उचलून फेकला. चुलत्याची बरगडी गेली. सोबतच्या दोघांनी मामाशेठना रस्त्यावर पाडून लाथा घातल्या, एक डोळा त्यातच अधू झाला. मुलगी गेली नाही. आणि माडीवर एक कायदा झाला: सासरहून आलेली लेक परत पाठवायची नाही. मग ती कशासाठीही आलेली असो.

शेवटी शेवटी हा कायदाच त्यांना खाऊन बसला. लकवा आला, डावी बाजू गेली, बोलणं जडावलं. दिवसभर दुकानाच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर काठी आडवी घेऊन बसायचे. त्या दिवाळीला मंगल आली होती. मंगल आमची हसरी, माडीवरच राहून नर्सिंग शिकलेली. दत्ता नावाच्या कंपाउंडरशी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलेलं. दोघांचं छान चाललेलं. भाऊबीज झाली आणि दुपारी दत्ता तिला न्यायला आला.

मी भाभीजवळ आत बसले होते. बाहेर काठीचा आवाज आला आणि मी धावले. दत्ताच्या कपाळातून रक्त वाहत होतं, शर्ट भिजला होता. तो पळाला नव्हता, चिडलाही नव्हता. रुमालानं डोळ्यातलं रक्त पुसत म्हणाला, "मारा मामा. पण मंगलला इचारा तरी."

मामाशेठनं पुन्हा काठी उगारली. ओठ वाकडे झालेले, शब्द अडखळत येत होते. "मागचा बी असाच... हात जोडून उभा व्हता." आणि दुसरा तडाखा दत्ताच्या खांद्यावर बसला. त्या अर्ध्या मेलेल्या देहात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

मी आत वळले तर मंगल भाभीला बिलगून रडत होती. "भाभी, मला जायचंय. माझं घर हाय ते." मी म्हटलं, त्यांना समजावून सांगू. भाभीनं मान हलवली. तिनं नवऱ्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त दिवस पाहिला होता. ती उठली, घाईघाईनं मंगलची ओटी भरली, कुंकू लावलं, आणि आम्ही तिला भांड्यांच्या गोदामातून मागच्या बोळात काढलं. दत्ताला मी पुढून फिरून तिकडं पाठवलं. बोळाच्या तोंडाशी मंगलनं त्याच्या कपाळाला स्वतःचा पदर बांधला आणि दोघं स्टँडकडं गेली. माहेरातून पळून सासरी जाणारी पोरगी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

मी पुढं आले तेव्हा मामाशेठ उंबऱ्यातच होते. धाप लागलेली, काठीला रक्त. मला बघून त्यांचा चांगला डोळा चमकला.

"बाई," ते म्हणाले, "ही न्हाई पाठवली मी."

"न्हाई पाठवली, शेठ," मी म्हटलं.

ते वळून माडीकडं बघून जड जिभेनं ओरडले, "मंगल, भिऊ नको गं. मी हाय हितं दारात." वरून काहीच उत्तर येईना. त्यांची मान तशीच वर राहिली. मग आतून भाभी म्हणाली, "झोपलीय ती."

समोरचा तांबट हंड्यावर ठोके घालत होता. मामाशेठनं काठी त्याच्याकडं रोखली आणि ओठांवर बोट ठेवलं. तांबटानं हातोडी खाली ठेवली. त्याचं बघून शेजारच्यानंही ठेवली. सगळी गल्ली गप्प झाली, आणि त्या रिकाम्या माडीखाली मामाशेठ दाराला पाठ लावून रस्त्यावर नजर ठेवून बसले.